लॅमिंग्टन रोड आणि डिकीतला दणका

गाडी घेतली की पहिल्या पगारात सीट कव्हर, दुसऱ्या पगारात सबवूफर. हा आपल्या पिढीचा अलिखित नियम! आणि तिसऱ्या महिन्यापासून कुरकुर: "यार, एवढे पैसे घातले, पण बेस काही मनासारखा येत नाही." मग सगळ्यांना एकच उपाय सुचतो, मोठा अॅम्प्लिफायर. थांबा. कार्ड स्वाइप करण्याआधी एक शनिवार लॅमिंग्टन रोडला द्या.

ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. लोकलनेच या, पार्किंगच्या नादी लागू नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण पत्ता विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणायचं. याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १९७५ साली लागलेला 'शोले' तिथे पाच वर्षांहून जास्त चालला, तोही ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक साउंडमध्ये. थिएटर गेलं, पण आवाजाचं वेड या रस्त्यावरून काही गेलं नाही. वायरींची भेंडोळी, स्पीकरचे कोन, कनेक्टरचे डबे बघत अख्खी दुपार जाते.

मीही गेले होते मोठा अॅम्प बघायलाच. काउंटरवरच्या काकांनी माल दाखवण्याआधी माझीच उलटतपासणी घेतली. "वायर कुठली टाकलीय? अर्थ कुठे दिलाय? गेन किती ठेवलाय?" मग म्हणाले, "अॅम्प आज विकेन गं, पण पुढच्या शनिवारी तू भांडायला येशील!"

त्यांचं गणित सोपं होतं. दुप्पट वॉट घेतले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट! त्यापेक्षा आहे त्या अॅम्पला पोटभर करंट द्या. १२ व्होल्टवर ५०० वॉट म्हणजे ४० अँपिअरच्या वर. बारीक वायरीतून तो येणार कसा? त्यातून बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही मिळते. ओळखायची युक्ती: एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर अॅल्युमिनियम. तेवढाच करंट न्यायला ती जास्त जाड लागते.

अर्थची वायर आखूड आणि पॉवरच्या वायरीइतकीच जाड हवी. पत्र्याचा रंग घासून थेट धातूवर घट्ट बसवा. आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. इथे कंजुषी नको. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडेल. तो नसेल तर गाडी पेटू शकते.

आता गेन. हे व्हॉल्यूमचं बटण नव्हे! बेस बूस्ट बंद, गेन शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण. ओळखीचं गाणं लावा आणि गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडं मागे या. गेन त्याच्यावर नेला तर बेस वाढत नाही, वूफरची कॉइल जळते. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. मग सबवूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून ड्रायव्हरच्या सीटवरून ऐका. ज्या जोडणीत बेस भरीव वाटेल, ती ठेवा. नंबर प्लेट किंवा डिकीचं झाकण थरथरत असेल तर आतून डॅम्पिंग शीट लावा.

मी परतले ते तांब्याची जाड वायर, फ्यूज होल्डर आणि चार लग घेऊन. वूफर तोच, अॅम्प तोच. पण त्या रात्री ढोलकी पहिल्यांदा ढोलकीसारखी वाजली, नुसता धुमधुमाट नाही. नव्या अॅम्पचे पैसे वाचले, त्यात गोव्याची एक ट्रिप आरामात होईल.

आणि हो, रात्री दहानंतर सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना बेस खाली. तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीला डॅम्पिंग शीट नसते!