हरकत कुठं घ्यायची?

इंदापूर तालुक्यातल्या मामांच्या डाळिंबाच्या बागेतून गॅसची पाइपलाइन जाणार, अशी नोटीस आली. घरातली शिकलेली म्हणून तो कागद माझ्या हातात दिला. गट नंबर, क्षेत्र आणि 1962 च्या एका कायद्याचं नाव, एवढंच मला त्यातून कळलं. "जमीन घेत्यात का?" मामींनी विचारलं. मला सांगता येईना.

कायदा वाचत गेले तसं उलगडलं. सातबारा मामांच्याच नावावर राहतो. सरकार घेतं तो जमिनीखालून नळ नेण्याचा वापरहक्क. त्याचा मोबदला बाजारभावाच्या 10 टक्के, शिवाय पिकाची आणि झाडांची नुकसानभरपाई. पण त्या पट्ट्यात पुढं विहीर नाही, तळं नाही, बांधकाम नाही आणि झाडही लावायचं नाही. म्हणजे डाळिंब संपलंच. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून 21 दिवस.

मामांचा जीव मात्र मातीत अडकलेला. त्यांनी मला बांधालगत नेऊन पाण्याच्या जुन्या पाइपलाइनची चारी दाखवली. दोन्ही अंगाला काळी माती, मधे पिवळट मुरमाचा पट्टा. कडेची ज्वारी कमरेएवढी, पट्ट्यातली गुडघ्याला. "खड्डा बुजवत्यात गं, पण खालचा मुरूम वर आला की पुढं काय पिकवायचं?" काळा थर बाजूला काढून ठेवायचा आणि बुजवताना तोच वर घालायचा, एवढंच त्यांचं मागणं.

मग मी पर्यावरणाच्या परवानगीची चौकशी सुरू केली. मार्गाला मान्यता आणि सुरक्षेचे नियम, हे काम 2006 च्या कायद्यानं स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचं. पर्यावरण मंजुरी मात्र त्याच वर्षीच्या वेगळ्या अधिसूचनेत, आणि तीही लाइन राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तर. बारामतीतलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीत चिंकाऱ्याची दखल घ्यावी लागते. इंदापुरातल्या कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा आहे, लांडगा आहे. पण ते अभयारण्य नाही. वनखात्याची जमीन असेल तर 1980 च्या वन कायद्याची परवानगी लागते. खासगी पडीक रानाला तेवढाही आधार नाही. हे वाचून मी हादरले. माळाला कुणी वाली नाही.

कोळशापेक्षा गॅस स्वच्छ जळतो, हे मला मान्य आहे. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. न जळता गळला, तर 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून गळती कोण आणि कशी तपासणार, हा प्रश्न आमच्या गावाचाही आहे.

नुसता विरोध पुरत नाही, हे तमिळनाडूत दिसलं. गेल या सरकारी गॅस कंपनीची लाइन शेतातून नको, महामार्गाच्या कडेनं न्या, असं शेतकऱ्यांसोबत राज्य सरकारही म्हणत होतं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल गेलच्या बाजूनं लागला.

आम्ही हरकत मुदतीत दिली. मोबदल्याच्या आधी तिच्यात तीन मागण्या लिहिल्या: मातीचे थर वेगळे ठेवा, माळ टाळून जाणारा पर्यायी मार्ग दाखवा, गळती तपासणीचे अहवाल ग्रामपंचायतीला द्या. कायदा हरकतीचा हक्क जमिनीत हितसंबंध असणाऱ्यालाच देतो. त्यामुळे ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्यानंच माळासाठीही बोललं पाहिजे.