आधी मटार, मग पेन्सिल

नात साडेतीन वर्षांची झाली आणि नर्सरीतून घरी वही यायला लागली. एका पानावर उभ्या रेघा, पुढच्या पानावर आडव्या, त्यापुढे ठिपके जोडून अक्षरं. मनू पेन्सिल मुठीत आवळून धरायची, चार-सहा रेघा झाल्या की हात दुखतो म्हणायची आणि टेबलाखाली जाऊन बसायची. ऑफिसातून दमून आलेली सून एकदा म्हणाली, "आई, तुम्ही एवढी वर्षं बालवाडीत शिकवलंत, आता तुम्हीच सांगा हिला." मी म्हटलं, "अगं, तिला काय सांगायचं? तिचा हातच अजून तयार नाही."

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. या वयात त्यांतली बरीचशी अजून कूर्चाच असते, हाड बनायचं बाकी असतं. अशा हाताला बारीक रेघेत अडकवणं मला पटत नाही. त्याला आधी भरपूर दुसरं काम हवं, आणि ते काम घरात पडलेलं असतं.

डोंबिवलीच्या बाजारात तेव्हा मटार स्वस्त झाले होते. मी वर्तमानपत्र पसरून निवडायला बसले की मनूलाही शेजारी बसवायची. शेंगेचं टोक मोडायचं, शिवणीवर अंगठा दाबायचा, शेंग टप्पकन उघडली की अंगठा आतून सरकवत दाणे पातेल्यात पाडायचे. सुरुवातीला तिची शेंग चिरडायची आणि दाणे सोफ्याखाली जायचे. हळूहळू किती जोर लावायचा ते अंगठ्याला कळलं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, पुढे पेन्सिल धरणार ती हीच तीन. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचं कामही मी तिच्याकडे दिलं. चिमटा दाबून उघडायला तिला दोन्ही हात लागायचे, मग एक पुरायला लागला. कणकेचा गोळा तर रोजचाच. तिच्या वेड्यावाकड्या पोळ्या आजोबा आवडीने खात.

एक सांगून ठेवते. डाळी-कडधान्यं निवडायला दिली तर मुलाजवळून उठू नका. वाटाणा, हरभरा, शेंगदाणा मुलं नाकात घालतात, घशातही अडकतो. बालवाडीत आम्ही याला फार जपत असू.

आकड्यांचंही तसंच. मनू वीसपर्यंत घडाघडा म्हणायची, पण "चार चमचे आण" म्हटलं की हाताला येतील तेवढे घेऊन यायची. म्हणून रात्रीची पानं घ्यायचं काम तिचं झालं. आजोबांचं ताट, आजीचं, आईचं, बाबांचं, तिचं. प्रत्येक ताटाला एक वाटी, एक पेला. एकदा बाबांना यायला उशीर होणार असल्याचा फोन आला. कुणी काही सांगायच्या आत तिने एक ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं, मग परत येऊन त्याची वाटीही नेली. ही वजाबाकी तिची तिने केली होती. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलूनच घेतलं.

पसरट वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं की ते जास्त झालं, असं ती ठासून सांगते. मी ते दुरुस्त करत नाही. सहा-सात वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना असंच वाटतं. ओतू दे तिला पुन्हा पुन्हा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करायला ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवली. शिंपले, बिया, पानं, दगड ही त्यांची साधनं. त्याच महाराष्ट्रात आज आईबाप 'ॲक्टिव्हिटी किट'वर भरमसाट पैसे घालतात आणि पोराला स्वयंपाकघरातून हाकलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वहीबद्दल बोलायला मी मनूच्या बाईंना भेटले. त्या समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, "काकू, मलाही हे पटत नाही. पण वही कोरी दिसली की पालकच विचारतात, तुम्ही दिवसभर शिकवता तरी काय?" 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयासाठी खेळातून, कृतीतून शिकणंच सांगितलं आहे. तरी वही थांबत नाही, कारण ती आपल्यालाच हवी असते.

म्हणून घरी तीन-चार वर्षांचं मूल असणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या पालकसभेत उठून सांगा, आमच्या मुलाला लिखाणाचा गृहपाठ नको. एकाने सांगितलं तर बाईंना बळ येईल, दहा जणांनी सांगितलं तर शाळेला ऐकावं लागेल.