घर दाखवणारा माणूस

मी बी.कॉम. झालेला कारकून. आठवडाभर कचेरीत आकडे मांडतो आणि रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतली माणसे प्लास्टिकच्या पिशवीतून आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. कधी भविष्य निर्वाह निधीचा फॉर्म असतो, कधी मुलाच्या शिष्यवृत्तीचा. अलीकडे घराचे कागद जास्त येतात. बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, जिथे परवडेल तिथे. गोदीत, गिरणीत, पालिकेत हाडे झिजवलेल्या आईबापांची मुले दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कागद दाखवणाऱ्याच्या तोंडावर आनंद नसतो. त्याची झोप उडालेली असते.

झोप उडते ती केवळ पैसे कमी पडतात म्हणून नव्हे. कमी पैशात प्रपंच करणे आपल्याला नवीन नाही. झोप उडते ती अर्धवट माहितीने, आणि ही अर्धवट माहिती बहुतेक वेळा एजंटाच्या तोंडून आलेली असते.

एका बंधूंना एजंटाने सांगितले, ‘तीस लाखांचे घर आहे, आज टोकन द्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार.’ त्यांनी पतपेढीतून पैसे उचलून टोकन दिले. मग एकेक आकडा बाहेर येऊ लागला. शहरी भागात मुद्रांक शुल्क ६ ते ७ टक्के. ७ टक्के धरले तर २ लाख १० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का जीएसटी, म्हणजे आणखी ३० हजार. झाले २ लाख ७० हजार. त्यात सोसायटीची वर्गणी, पार्किंग आणि वकील धरलेलेच नाहीत. बँक साधारणपणे हा खर्च कर्जात धरत नाही, तो रोखच उभा करावा लागतो. दर आठवड्याला नवा आकडा ऐकून घरातल्या बाईने गळ्यातले काढून दिले. हेच सगळे आकडे पहिल्या दिवशी एका कागदावर मिळाले असते, तर ते कुटुंब एक तर सहा महिने थांबले असते किंवा पंचवीस लाखांचे घर बघितले असते. दोन्हींत झोप शाबूत राहिली असती.

याच्या उलट वागणारे एजंटही मी पाहिले आहेत. आमच्या भागातले एक गृहस्थ गिऱ्हाईक आले की आधी पगाराची स्लिप आणि चालू हप्ते विचारतात. मग वहीचे पान फाडून सगळा खर्च लिहून देतात. स्वतःची दलालीसुद्धा त्याच पानावर. घर पाहायला नवऱ्याला एकट्याला नेत नाहीत. बायको आणि म्हातारी आई बरोबर हवीच. कारण पाणी भरणार बायको आणि जिने चढणार आई. पाणी किती वाजता येते, सकाळच्या गाडीला पाय ठेवायला जागा मिळते का, हे ते स्वतःहून सांगतात. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हेही सांगतात. तीस लाखांवर ते ३० हजार होतात. आणि कागद ठीक नसतील तर ‘हे घर घेऊ नका’ म्हणतात. त्यांच्याकडून आलेली माणसे माझ्याकडे पिशवी घेऊन येत नाहीत.

हे केवळ चांगुलपणावर सोडलेले नाही. २०१६ सालचा रेरा कायदा आहे आणि २०१७ पासून आपल्याकडे महारेरा आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाने स्वतःही नोंदणी केली पाहिजे, खोटी आश्वासने देता कामा नयेत आणि बुकिंगच्या वेळी सर्व कागद व माहिती मिळवून द्यायला मदत केली पाहिजे. करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ सांगायचे ते कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायचे. म्हाडाच्या सोडतीसाठी तर कोणी एजंटच नेमलेला नसतो. तिथे ‘माझी ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनाच जास्त कळते. घर पसंत पडते, आकडा जमतो, आणि मग एजंट विचारतो, ‘आडनाव काय?’ दुसऱ्या दिवशी निरोप येतो, मालकाचा विचार बदलला. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. तो प्रश्न आज सभ्य भाषेत विचारला जातो, एवढेच. इथे एजंट केवळ निरोप्या नसतो. ‘असा मालक असेल तर त्याचे घर मी दाखवणार नाही’ एवढे एक वाक्य तो बोलू शकतो. ते बोलणारा एजंट त्या कुटुंबाच्या मनावरचा केवढा भार हलका करतो, हे सांगायला नको.

म्हणून माझी आपल्या शिकलेल्या मुलामुलींना विनंती आहे. नोकऱ्या कमी होत आहेत आणि घरे वाढत आहेत. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. बारावी-पदवीपर्यंत शिकलेल्याला ती अवघड नाही. प्रमाणपत्र घ्या आणि या धंद्यात या. आपल्या आईबापांना ज्या दारात उभे राहावे लागले, तिथे दुसऱ्याच्या आईबापांना बसायला खुर्ची द्या, पाणी द्या आणि हातात सगळ्या खर्चाचा एक कागद द्या. दलाली त्यानंतर मागा. लोक ती आनंदाने देतील.

जयभीम!