कानांसाठी लिहिलेले पुराण

योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तालाच ‘शब्द’ म्हटले आहे, आणि श्रद्धा उपजते ती ऐकण्यातून, असे संत पौल सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे मराठी कानांपुरते अचूक ओळखले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या गोव्यातील नवख्रिस्तींसाठी त्यांनी ओवी निवडली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेही रोमन लिपीत! त्या शतकातील मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरची आवृत्ती निघाली.

वर्गात आम्ही ते मोठ्यानेच वाचतो. तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा आखूड चरण येताच मुले आपसूक थबकतात. उपदेश मनात उतरतो तो, आमच्या मते, त्या थबकण्यात. प्रश्नपत्रिकेत मात्र त्याला गुण नाहीत.