ज्यांनी माझी संध्याकाळ सांभाळली

माझ्या गाण्यांखाली गीत, संगीत आणि गायन या तिन्ही ठिकाणी माझंच नाव असतं. पाठीशी कुठली कंपनी नाही. गाणी घरीच रेकॉर्ड करते, स्वतःच नेटवर चढवते. लोक कौतुकानं म्हणतात, ‘सगळं एकटीनं केलंस!’ तेव्हा मला पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेतली दोन माणसं आठवतात. त्यांचं नाव एकाही गाण्याखाली नाही.

मी फळमाशीवर संशोधन करते. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी ही चिलटं. २५ अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस लागतात. कोषातून बाहेर पडलेली मादी साधारण ८ तासांच्या आत नरांपासून वेगळी करावी लागते, नाहीतर ठरवलेला संकर वाया जातो. म्हणजे सकाळ-संध्याकाळ बाटल्यांपाशी हजेरी हवीच, आणि गाण्याचे कार्यक्रम नेमके संध्याकाळी.

पहिलं बोलावणं आलं तेव्हा मी नकार कळवायच्या बेतात होते. माझ्या गाइड मॅडमना ते समजलं. त्या एवढंच म्हणाल्या, “दुपारी सगळ्या माश्या काढून बाटल्या १८ अंशांवर ठेव. वाढ मंदावते, सकाळपर्यंत वेळ मिळतो. जा, गाऊन ये.” पुढे कार्यक्रम वाढले. काही प्रयोगांत तापमान उतरवून चालत नसे. त्या संध्याकाळी मॅडम स्वतः माझ्या सूक्ष्मदर्शकापाशी बसत. कार्बन डायऑक्साइडनं गुंगवलेल्या माश्या मऊ ब्रशच्या टोकानं एकेक करून बाजूला सारत. विभागाची जबाबदारी सांभाळणारी बाई विद्यार्थिनीचं काम करत असे, आणि त्याचा उच्चार दुसऱ्या दिवशी कधी होत नसे.

संशोधन की गाणं, या प्रश्नानं मी अस्वस्थ असायची. मॅडमनी तेव्हा अश्विनी भिडे-देशपांडे यांचं उदाहरण दिलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या अश्विनीताई जयपूर-अत्रौली गायकीत उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या बंदिशीही बांधत गेल्या. सी. व्ही. रामन यांनी १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं सरकारच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि सकाळ-संध्याकाळ कलकत्त्यातल्या एका संस्थेत जाऊन संशोधन केलं, हेही त्यांनीच सांगितलं. “काय सोडायचं ते ठरवायची घाई करू नकोस,” म्हणाल्या. त्या वाक्यानं मला पुष्कळ वर्षं दिली.

मॅडमना गाण्यातलं कळत नसे, असं त्या म्हणत. पण प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही शिस्त त्यांचीच. आजही चाल बांधून झाली की मी गिटार बाजूला ठेवून ती नुसत्या गळ्यावर म्हणून बघते. शब्द आणि सूर तेवढ्यावर उभे राहिले, तरच पुढे जाते. माझी निम्मी गाणी या चाचणीत गळतात. उरतात ती टिकतात.

दुसरं ऋण प्रयोगशाळेतल्या मामांचं. मामा तिथे माश्यांचं खाद्य शिजवत. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार एकत्र आटवून गाठी न होऊ देता बाटल्यांत ओतत. गावाकडच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवायचे. एकदा त्यांनी पखवाज आणला आणि डाव्या पुडीला ओली कणीक लावून दाखवली. थोडी लावायची, थाप मारून ऐकायचं, पुन्हा चिमूटभर काढायची. ‘धूम’ मनासारखा येईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. उजव्या पुडीवरच्या काळ्या लेपाचं, म्हणजे शाईचं, शास्त्र मी रामन यांच्या १९२० आणि १९३५ च्या लेखांत वाचलं. साध्या कातड्याच्या उपस्वरांचा एकमेकांशी मेळ नसतो. मधोमध शाईचं वजन आलं की ते मूळ स्वराच्या पटीत येतात, म्हणून आपली चर्मवाद्यं सुरात बोलतात. हे मामांना सांगितलं, तर म्हणाले, “ताई, आमच्या म्हाताऱ्यानं मला हे कानानं शिकवलं. तुमच्या साहेबांनी ते मोजलं, बरं झालं.” कानावर विश्वास ठेवायचा आणि मोजायचंही, हा धडा मला एकाच माणसाच्या तोंडून मिळाला.

माझा पगार ठरावीक तारखेला येतो, म्हणून मला कुणाच्या मर्जीचं गाणं लिहावं लागत नाही. तो पगार मिळवून देणारं काम या दोघांनी माझ्या हातून सुटू दिलं नाही. माझ्या गाण्याचं स्वातंत्र्य त्यांच्या कष्टावर उभं आहे.

हे ऋण फिटणारं नाही. पुढे चालवता मात्र येतं. आता माझ्या हाताखालची एक विद्यार्थिनी नाटकाच्या तालमींना जाते, आणि त्या दिवशी तिच्या बाटल्या मी बघते. तुमच्याही कचेरीत, शाळेत, कारखान्यात असं कुणीतरी असेल. त्याची एखादी संध्याकाळ तुम्ही सांभाळा.