झेनिया आधी थांबली

12 मे
सकाळी सात वाजता कर्वे रोडच्या डॉक्टरांचा फोन. "प्रवाळांनी माना टाकल्यात. काय घालू सांगा." हे निवृत्त दंतवैद्य. पेशंटने फोनवर असं विचारलं असतं, तर खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावल्याशिवाय यांनी गोळीचं नावसुद्धा सांगितलं नसतं. म्हटलं, संध्याकाळी येतो. तोवर टाकीत काहीही ओतू नका.

दोनशे लिटरची टाकी, सगळे मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, समुद्रपंखेही. घरात ठेवायचा प्रश्नच नाही. डॉक्टर त्या बाबतीत काटेकोर. दगडसुद्धा बनवलेले, समुद्रातून उचललेले नाहीत.

मधोमध लेदर, म्हणजे सार्कोफायटन. एरवी त्याच्या छत्रीवर बारीक केसांसारखे पॉलिप डोलत असतात. आज एकही बाहेर नव्हता. छत्रीच्या कडा आत वळलेल्या, वर मेणासारखा चकाकता पापुद्रा. डॉक्टर म्हणाले, "कात टाकतोय, दर दोन-तीन महिन्यांनी टाकतो." खरं आहे. लेदर मधूनमधून मिटतो, त्वचेवरचं शेवाळ आणि घाण त्या पापुद्र्यासकट झटकतो आणि आठवडाभरात पुन्हा फुलतो. एकटा लेदर असा बसला असता तर मी चहा पिऊन परत आलो असतो. पण शेजारची सिन्युलेरिया लुळी पडलेली, हिरव्या स्टार पॉलिपची चादर मिटून जांभळी झालेली, आणि झेनिया, जी दिवसभर मुठी उघडझाप करते, ती नुसत्या बुडख्यांवर आलेली. मश्रूम तेवढे ठणठणीत. मासे तर भुकेले आणि आनंदी.

13 मे
माझी किट घेऊन गेलो. क्षारता 35. डॉक्टरांचं प्लास्टिकचं काट्याचं यंत्र मी बाजूला ठेवलं. माझा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाण द्रावणावर लावून घेतलेला आहे. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यात बिनदिक्कत चुकीचा आकडा देऊ शकतो. तापमान 27.5, दोन पंखे पाण्यावर रोखलेले. अल्कलिनिटी 8.4, पीएच 8.1, अमोनिया शून्य, नायट्रेट 10, फॉस्फेट 0.06. पुस्तकात छापावेत असे आकडे. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर असते तर उपासमार म्हटलं असतं. हल्ली जास्तीच्या स्वच्छतेपायी बरेच जण मऊ प्रवाळांना उपाशी मारतात.

तांब्याचीही टेस्ट केली. रंग नाही. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं: तांबं शून्य. मी त्यांना ते खोडायला लावलं. हे किट माशांना तांब्याचं औषध देणाऱ्यांसाठी बनवलेलं. त्यात रंग दिसायला लागतो तो साधारण औषधाच्या मात्रेच्या आसपास, म्हणजे लिटरला 0.15 ते 0.2 मिलिग्रॅम. बिनकण्याच्या जिवांना त्याहून कितीतरी कमी तांबं पुरतं. "दिसलं नाही" लिहा, म्हटलं. एक्सरेत कीड दिसली नाही म्हणजे नाहीच, असं तुम्ही लिहाल का? हे त्यांना लगेच पटलं.

14 मे
डॉक्टरांचे तर्क सुरू. पहिला, रासायनिक युद्ध. लेदर आणि सिन्युलेरिया टर्पिन वर्गातली द्रव्यं पाण्यात सोडून शेजाऱ्यांना दाबतात, हे खरंच. पण मग सोडणारा तरी मजेत दिसायला हवा. इथे दोघेही आडवे, आणि कार्बन दर महिन्याला बदललेला. दुसरा, सोसायटीत मेच्या पहिल्या आठवड्यात झालेली डासांची धूरफवारणी. हा तर्क वाईट नाही. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. तिसरा तर्क वॉचमनचा, तो इथे लिहीत नाही.

मी एवढंच विचारत राहिलो की आधी कोण आजारी पडलं आणि मग कोण. डॉक्टर म्हणतात, "सगळे एकदमच." एकदम कधीच नसतं. पाहणाऱ्याचं लक्ष मात्र एकदम जातं.

16 मे
वहिनींमुळे मार्ग सापडला. ह्यूस्टनच्या नातीला रोज सकाळी टाकीचा फोटो किंवा व्हिडिओ जातो, दोन वर्षांचा नेम. सोफ्यावर बसून आम्ही वहिनींचा मोबाइल मागे मागे सरकवत नेला.

पाडव्याच्या आठवड्यात सगळं फुललेलं. एप्रिलच्या मध्यात झेनियाची उघडझाप मंद. त्या आठवड्यातला एक व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला: मूठ उघडते, मिटायला निघते आणि अर्ध्यातच राहते. ही उघडझाप म्हणजे काही शोभेचा खेळ नव्हे. एलातच्या किनाऱ्यावर झेनियाच्याच कुळातल्या हेटेरोझेनियावर अभ्यास झाला, 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या ऊतींत राहणारी शैवाल प्रकाशसंश्लेषण करताना जो प्राणवायू सोडतात, तो या हालचालीने झटकला जातो आणि त्यांचं काम वेगाने चालतं. म्हणजे मूठ थांबली की कारखाना मंदावला.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट दिसते, जी डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसली नव्हती. काचेवर फिरणाऱ्या टर्बो गोगलगायी फोटोंमधून एकेक करून काचेवरून उतरतात. पुढच्या फोटोंत वाळूवर पडलेल्या, एक उताणी. "म्हाताऱ्या झाल्या असतील," डॉक्टर म्हणाले. सगळ्या एकाच पंधरवड्यात? मग स्टार पॉलिप मिटले, मग सिन्युलेरिया, शेवटी लेदर. फवारणी या सगळ्यानंतरची. तिचं नाव यादीतून गेलं.

गोगलगायी आणि झेनिया आधी, लेदर मागाहून, मासे खुशाल. या क्रमाला माझ्या अनुभवात एकच नाव आहे. प्रश्न एवढाच की तांबं आलं कुठून. टाकीत नाणं नाही, पितळी खिळा नाही, औषधाची बाटली घरात कधी आलीच नाही. पंपांची चुंबकं काढून पाहिली, कवच शाबूत.

17 मे
वहिनींनी पाणी दिलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नवा चकचकीत प्युरिफायर, पुढच्या काचेत तांब्याच्या रंगाचं काडतूस आणि निळा दिवा. "पाडव्याला घेतला, जुना देऊन. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखं पाणी येतं म्हणे." टाकीत रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर कशातून घालता, हे मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, "आरओचं." खोटं काहीच नव्हतं.

नळाखाली टीडीएस मीटर धरला: 88. जुन्या यंत्राचं 20 च्या आत यायचं, वहीत नोंद आहे. वाढलेला आकडा नुसत्या चवीसाठी मिसळलेल्या खनिजांचाही असू शकतो. टीडीएस मीटर फक्त किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. मग तेच तांब्याचं किट, पण थेट प्युरिफायरच्या पाण्यावर. पाच मिनिटांत नळीत रंग चढला. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून नळी उजेडाकडे धरून उभे राहिले, बोलले काहीच नाहीत.

यंत्राला दोष नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. माणसाला चालतं. गोगलगायीला मानक विचारलेलं नाही.

रात्री हिशेब मांडला. मे महिन्यात पंख्यांखाली रोज पाच लिटर पाणी उडतं. वाफ जाते, तांबं मागे राहतं. लिटरला 0.2 धरलं तरी रोज एक मिलिग्रॅम, महिन्याला 30. दोनशे लिटरमध्ये 0.15: माशांच्या औषधाची मात्रा, आणि कुणी औषध दिलेलंच नाही. कागदावरचा हा आकडा पाण्यात तेवढा दिसत नाही, कारण बराचसा वाळूत आणि दगडांत जाऊन बसतो. किट कोरं राहण्याचं कारणही तेच.

19 मे
प्युरिफायर टाकीपासून तोडला. बाथरूमच्या नळावर साधा आरओ आणि पुढे डीआय रेझिन; खनिज नाही, चव नाही, टीडीएस 0. पाचवा हिस्सा पाणी बदललं. संपमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, पॉली-फिल्टरचा तुकडा ठेवला. नुसत्या कार्बनवर तांब्यासाठी विसंबण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांना घाई. दगड काढून उकळून काढू म्हणाले, तांबं निघून जाईल. मी जवळजवळ ओरडलोच. दोन दगडांवर झोआंची वस्ती आहे. त्यांच्या जवळच्या नात्यातल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या माउई बेटावरच्या पॅलिथोआतून मूर आणि शॉयर यांनी ते 1971 मध्ये वेगळं केलं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. आणि झोआ कोणता, पॅलिथोआ कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड. असे दगड उकळताना निघालेल्या वाफेने घरची घरं इस्पितळात गेली आहेत. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आता त्या दगडाला हात लावू देणार नाहीत, हे बरं झालं.

24 मे
पॉली-फिल्टरच्या पांढऱ्या तुकड्यावर निळसर झाक. तांब्याची हीच खूण. डॉक्टरांनी फोटो काढून ह्यूस्टनला पाठवला. खाली काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

2 जून
पुन्हा पाणीबदल, नवा तुकडा. स्टार पॉलिपच्या चादरीच्या एका कडेला चार-पाच हिरवे ठिपके. लेदरने पापुद्रा टाकला, छत्री थोडी सपाट. सिन्युलेरियाची एक फांदी मऊ पडून वास मारायला लागली होती. ब्लेडने निरोगी भागापर्यंत छाटली, उरलेला खुंट आयोडिनच्या पाण्यात बुडवून परत लावला. झेनिया गेली. बुडखेही राहिले नाहीत.

21 जून
पाऊस लागला, पंखे बंद, भर घालायचं पाणी निम्म्यावर. तुकडा आता निळा होत नाही. डॉक्टरांच्या मते आजार बरा. मला तसं वाटत नाही: पाण्यातलं गेलं, वाळूतलं राहिलं असेल, आणि पीएच खाली घसरला तर ते हळूहळू सुटू शकतं. पावसाळ्यात खिडक्या बंद, खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतोच. तळाची वाळू थोडी थोडी करून काढायला सुरुवात केली. दर आठवड्याला एक पट्टा, जास्त नाही, नाहीतर खालची घाण वर येईल.

9 जुलै
माझ्या टाकीतल्या दोन गोगलगायी तिकडे सोडल्या. किटपेक्षा मला त्यांचा भरवसा जास्त. आठवडा झाला, दोन्ही काचेवर फिरताहेत, शेवाळात त्यांच्या वाटा दिसतात. लेदरचे पॉलिप पूर्ण बाहेर. सिन्युलेरियाचा खुंट उभा आहे, पुढे काय करतो बघायचं.

डॉक्टरांनी झेनियासाठी विक्रेत्याशी बोलणंसुद्धा करून टाकलंय. मी सांगितलं, वाळूचे अजून तीन पट्टे बाकी आहेत, झेनिया गणपतीनंतर. पटलेलं नाही. वहिनींना विचारलं, प्युरिफायरचं काय? म्हणाल्या, "काय व्हायचंय? आम्ही पितोय की."