नवगावहून लोदला

आज दिवसभर बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाच्या इतिहासात बुडून गेले. परंपरा सांगते, त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंसुद्धा करत.

१९४८ नंतर हजारोंनी इस्रायल गाठलं. लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा. ज्या भूमीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत घेतलं, तिथल्याच धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावर शंका घ्यावी? मला पुढे वाचवेना. पण ही माणसं गप्प बसली नाहीत. जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ मध्ये बरोबरीचा हक्क पदरात पाडून घेतला. केवढी हिंमत!

आणि एवढं होऊनही मराठीपण टाकलं नाही. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं पोहे, नारळ, साखरेचा मलिदा आजही होतो. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघालं. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू झाली आहे. त्यांनी आजीशी थोडं तरी मराठीत बोलावं, असं मला फार वाटतं.